बंपरखालच्या सॉकेटचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनं, थकलेलं सॉकेट आहे. सुकदेवभाऊंच्या पिकअपच्या मागच्या बंपरखाली माझं घर. ट्रॉली जोडली की तिच्या वायरचा प्लग माझ्यात बसतो आणि मी दिलेल्या करंटवर तिचे मागचे लाल दिवे लागतात.

शिंदखेड्याच्या नासीरभाई वायरमननं मला इथे बसवलं. सुकदेवभाऊंचा धंदा मंडपाचा. खुर्च्या, कनाती, गाद्या, दिव्यांच्या माळा घेऊन आम्ही गावोगाव हिंडलो. पहिल्या लग्नसराईत भाऊ भेटेल त्याला ट्रॉलीचे दिवे दाखवायचे आणि माझी छाती फुगायची. पुढे धुळीनं, चिखलानं अंग भरलं. झाकण तुटलं, ते कुणी बसवलं नाही. तरी मी कामात कसूर केली नाही.

घात झाला तो गेल्या दसऱ्याला. पूजेआधी गाडी रंगवायची भाऊंची रीत. त्यांनी चासीवरचा माझ्या अर्थिंगचा बोल्ट खोलला, खाली जाड निळा रंग फासला आणि त्या रंगावरच बोल्ट आवळला. वर झेंडूची माळ घातली. झालं! रंगातून करंट जात नाही. ब्रेक दाबला की दिवे मिणमिणायचे, कधी लागायचेच नाहीत. भाऊंनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, मला डिझेलनं धुतलं, पेचकसानं टोचलं. सगळं खापर माझ्याच माथी. अख्ख्या तालुक्याची लग्नं उजळणाऱ्याच्या ट्रॉलीला दिवा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नासीरभाईंकडे जायला सीझनमध्ये सवड कुणाला? मंडपाचे खांब रोवणारे साठीचे उखर्डूनाना होते. भाऊ त्यांना म्हणाले, “नाना, तुम्ही ट्रॉलीवर मांगे बसा. मांगून गाडी ऊनी का टॉर्च दखाडा.”

“बसस ना भाऊ,” नाना म्हणाले. हातावरचं पोट, नाही कोण म्हणणार?

दोन लग्नं निभावली. तिसऱ्या वेळी, दोंडाईच्याच्या रस्त्यावर, दिवेलागणीला म्हैस आडवी आली. भाऊंनी करकचून ब्रेक दाबला. मी जिवाच्या आकांतानं करंट ढकलला, पण दिवा लागला नाही. नानांनी टॉर्च हलवला तोवर मागची मोटारसायकल येऊन आदळली. चालवणाऱ्याचं खरचटण्यावर निभावलं. नानांचा लोंबता पाय मात्र मध्ये सापडला आणि मोडला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी नासीरभाईंनी टेस्ट लॅम्प लावला. “सुकदेवभाऊ, करंट येस, पन त्याले परत जावाले वाटच नही. बोल्ट रंगवर बसाडा ना तुम्ही?” त्यांनी पॉलिश पेपरनं रंग खरवडला, बोल्ट आवळला. ट्रॉली लालेलाल झाली.

“दहा मिनिटनं काम व्हतं,” भाऊ म्हणाले.

महिन्यानं भाऊ ट्रॉली जोडून नानांच्या दारात गेले. नाना कुबडी टेकत मागे येऊन उभे राहिले. भाऊंनी ब्रेक दाबला.

“लागना का नाना?”

“लागना.” नानांनी दिव्याच्या काचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, “मंग आते मले तठे ट्रॉलीवर बसाडशात नही ना? मले लई भेव लागे, भाऊ.”

भाऊंनी खाली उतरून नानांना हाताला धरून ओट्यावर बसवलं.

मित्रांनो, आम्हाला पुसा, आमचा गंज खरवडा, तुटलेलं झाकण बसवा. आणि एवढं कराच: दिवा बंद पडला तर दिवा दुरुस्त करा. त्याच्या जागी माणूस बसवू नका.