भोकं पडलेला पेला

मी एक पितळी पेला बोलतोय. दूर वाळवंटातल्या एका युद्धसंग्रहालयात, काचेच्या पेटीत असतो. गाव माझं बेल्हे.

चांगदेव आणि चिमाबाईच्या लग्नात मी आहेरात आलो. अंगावर दोघांची नावं कोरलेली. चांगदेव फौजेत होता. सुट्टी संपली तेव्हा चिमाबाईनं मला त्याच्या ट्रंकेत ठेवलं. "तिकडं आपल्या घरच्या पेल्यानं पाणी प्या," म्हणाली. तेव्हा वैजयंती तिच्या पोटात होती.

एकाहत्तरच्या लढाईत खंदकाजवळ गोळा फुटला. एक कपची माझ्यातून आरपार गेली, दुसरी चांगदेवच्या मांडीत शिरली. तो लगेच गेला नाही. दिवसभर पाणी मागत राहिला. त्याचा दोस्त कुंडलिक माझ्या भोकांवर बोटं दाबून त्याला पाजायचा. निम्मं पाणी वाळूत जायचं. उन्हं उतरली तेव्हा चांगदेव गप झाला.

कुंडलिकनं घडलं ते सगळं सांगून मला पलटणीकडं दिलं. पुढं मी इथं आलो. गाईड रोज ती गोष्ट रंगवून सांगतो. लोक हळहळतात, माझ्यासोबत सेल्फी काढतात आणि कँटीन कुठंय ते विचारतात.

यंदाच्या थंडीत सहलीच्या बसमधून चिमाबाई आली. पार थकलेली. सोबत लेक वैजयंती. लेकीनं माझ्यावरची नावं वाचली आणि आईचा दंड धरला. तोवर गाईडनं सुरुवात केली होती. ती त्याला थांबवेपर्यंत सगळं सांगून झालं. टीव्हीमुळं चिमाबाईला हिंदी कळत होती.

"कुंडलिक भावजी तर म्हणलं व्हतं, झटक्यात गेलं. त्यांला काय कळलं बी न्हाई."

"आई, चल, बाहेर बसू."

"त्या एका शब्दावर मी इतकी वर्सं झोप काढली गं."

मग तिनं गाईडला विचारलं, "भाऊ, माझं नाव घेतलं व्हतं का त्यांनी?"

"पता नहीं, माताजी," तो खाली बघत म्हणाला.

मला ठाऊक होतं. चांगदेव फक्त पाणी म्हणत होता.

तिनं मला हातात मागितलं. पेटीची किल्ली साहेबांकडं, साहेब रजेवर. तिनं काचेवर तळवा टेकवला. पहारेकरी सवयीनं म्हणाला, काच को हाथ मत लगाइए. तिनं हात काढून घेतला. बस निघायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी नवी बस आली. गाईडनं तीच गोष्ट सांगितली, तशीच रंगवून.

तुम्ही कधी इथं आलात, तर जरा हळू बोला. शेजारी उभं राहिलेलं माणूस मेलेल्याचं कोण असेल, सांगता येत नाही.