पाठ केलेलं उत्तर

शाळा संपताच थेट डॉक्टरकीला घेणाऱ्या त्या कोर्सच्या जागा अगदी मोजक्या. त्यामुळे ह्यूस्टनच्या त्या कॉलेजात मुलाखतीला आलेली पोरं गोड हसत एकमेकांना जोखत बसली होती. चिडिमाला सगळ्यात जास्त धास्ती होती ती शेजारी बसलेल्या टेसाची. पोरगी भलतीच तयारीची वाटत होती.

तेवढ्यात टेसा पांढरीफटक पडली आणि भडाभडा ओकली. झालं! सगळ्या भावी डॉक्टरांनी पाय वर घेतले. चिडिमानं आईनं इस्त्री करून दिलेला स्कर्ट सावरत खुर्ची मागे ओढली. खरं सांगायचं तर तिला आतून बरंच वाटलं. चला, एक तरी कटली! टेसा एकटीच भिंत धरत बाथरूमकडे गेली.

मग चिडिमाला आत बोलावलं.

"डॉक्टर का व्हायचंय?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

क्लासमध्ये घोटून घेतलेलं उत्तर तिनं न अडखळता दिलं. "कुणाला त्रास होत असला की मला बघवत नाही. मी धावतेच."

"अशाच मुली हव्यात आम्हाला," बाई खूश होऊन म्हणाल्या.

बाहेर टेसा ओला ब्लाउज रुमालानं टिपत उभी होती.

"सॉरी हं, मघाशी तुझ्या बुटांवर नाही ना उडालं?"

"नाही गं."

"काय विचारलं आत?"

"डॉक्टर का व्हायचंय म्हणून."

"मग? तू काय सांगितलंस?"

चिडिमा आपल्या स्वच्छ बुटांकडे बघत राहिली. इतकं पाठ केलेलं ते वाक्य, पण टेसासमोर काही केल्या तोंडातून फुटेना.