लाल गाडीचा दम

लाल गाडी पळेना झाली, तसा हितेशशेठ घरात सुतक असल्यासारखा चेहरा करून फिरायला लागला. बुटकी, दोन दारांची, स्पोर्टी गाडी. काल्हेरची जमीन गोदामवाल्यांना दिल्यावर आलेली. आधी त्याने पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घातल्या, मग प्लग बदलले, मग वज्रेश्वरीला नेऊन नारळ फोडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी गाडी नारपोलीत माझ्या गॅरेजात आली.

"नागसेन, पिकअपच न्हाय रं. दाबली की नुसती बोंबलते."

मी बॉनेट उघडलं. आवाज मोठा यावा म्हणून शेठने हौसेने उघडा एअर फिल्टर बसवून घेतला होता. तो कापसाच्या तुसाने गच्च भरला होता, इंजिनाला हवाच मिळत नव्हती. गाडी रोज त्याच्याच लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याच्या भिंतीला, एक्झॉस्ट फॅनच्या तोंडाशी उभी असायची. तिथेच तो सकाळी तिला गुरगुरवत बसायचा.

तो फॅन माझ्या बापाने मागून घेतलेला. सोमा, उभा जन्म त्या लूमवर. छातीत तूस बसून झोप येईना, तेव्हा बाकीच्या कामगारांना घेऊन त्याने शेठच्या दारात कितीदा तरी हात जोडले. मग कुठे फॅन बसला. हल्ली बाबा न खोकता जेवायचा, एवढंच आमचं सुख.

म्हणून मी मुद्दाम तो फिल्टर शेठच्या हातात दिला.

"शेठ, इंजिनाची ही गत, तर आत शिफ्टभर उभी असलेली माणसं काय गिळत असतील? अजून एक फॅन लावा. आणि गाडी दुसरीकडे उभी करा."

त्याने फिल्टर उलटापालटा करून बघितला. चेहरा खरंच उतरला. मला वाटलं, लागलं मनाला.

"बरा झाला सांगितलास," तो म्हणाला.

नवा फिल्टर लागला आणि गाडी सुसाट सुटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आला तो खोकतच. भुवयांवर तूस. भिंतीला टेकून बसला.

"फॅन बिघडला का?"

"न्हाय रं. काढला. भोक इटांनी बुजवला. गाडीत तूस जातो म्हनं."

"आणि गाडी?"

"तिथंच. सावली हाय ना तिथं."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबा घोटभर पाणी प्यायला, आणि दम खात खात हसला.

"सगल्यांसमोर शेठ म्हनला, सोमा, तुज्या पोरानं शोधून काढला. लय हुशार हाय."

त्याला माझं कौतुक वाटत होतं. तेच मला सहन होईना.