बंद करताना

दुरुस्तीवाल्याचा हात संगणकाच्या बटणाकडे गेला, तसा काकूंनी आपला तळवा मध्ये घातला.

"बंद नाही करायचा."

"काकू, पंखा बदलायचाय. चालू मशीनचा कसा बदलू? बोट जाईल माझं."

"मग आधी तेलबिल घालून बघा."

"हे काय शिलाई मशीन आहे?"

दुकान फ्रेमांचं होतं. पुढे काउंटर आणि पट्ट्यांचे नमुने, लाकडी आडोशामागे काकांची करवत, त्यापलीकडे घर. काउंटरच्या कोपऱ्यात हा संगणक, आणि त्याचा पंखा आठवडाभर नुसता घरघरत होता. काकूंनी त्याच्यासमोर टेबलफॅन लावून पाहिला होता, दोन चापट्या मारून पाहिल्या होत्या. कैक वर्षांत तो बंद म्हणून झाला नव्हता. मध्येच वीज गेली तर काय, म्हणून काकूंनी काकांना त्याच्यासाठी बॅटरी घ्यायला लावली. बिलं उडतात, असं कारण सांगितलं. एरवी खिळ्यांच्या पुडीवरूनही घासाघीस करणाऱ्या काकांनी तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. काकूंना नवल वाटलं होतं, पण उगाच खोदून विचारायला त्या गेल्या नाहीत.

"जेवून या," त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. "तोवर माझं काम आवरते."

"तोवर हा टिकला तर," असं म्हणत तो हत्यारांची पिशवी तिथेच ठेवून गेला.

काम म्हणजे खारूची पत्रं.

खारू त्यांची मुलगी. लहान असताना पट्ट्यांच्या ढिगावर सरसर चढायची, म्हणून काकांनीच ठेवलेलं नाव. मोठी झाल्यावर ती फ्रेमचा कोपरा असा जुळवायची की सांधा नखालाही लागू नये. पुढे दुकान तीच बघणार हे काकांनी गृहीत धरलं होतं, फक्त तिला विचारायचं राहून गेलं होतं. ती जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाली, तेव्हा बापलेकीचं असं वाजलं की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून दारात आला. ती गेल्यावर काकांनी तिच्या खोलीत पट्ट्यांचा साठा रचला, अगदी खाटेवरसुद्धा. आणि तिचा पहिला मेल आला, त्याच दिवशी ह्याच दुरुस्तीवाल्याला बसवून नियम लावून घेतला, की तिच्या पत्त्यावरून काहीही आलं तर थेट जंकमध्ये जावं.

काकू तेव्हा टेबलावर चहा ठेवायला आल्या होत्या.

"जंक म्हणजे?"

"कचरा," दुरुस्तीवाला म्हणाला होता. "आणि इथे खूण केली की प्रोग्रॅम बंद करताना तो आपोआप साफ. तुम्हाला बघायलाच नको."

खूण काकांनी स्वतः केली. माउस असा दाबला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

प्रोग्रॅम बंद करताना साफ होतो, तर काकूंनी तो बंदच होऊ दिला नाही. काका करवतीवर असले की त्या जंक उघडायच्या. लॉटरी लागल्याच्या बातम्या, वजन उतरवणाऱ्या गोळ्या, कुण्या राजपुत्राची अडकून पडलेली इस्टेट, आणि त्या गर्दीत त्यांची खारू. समुद्र खवळला की पातेली दोरीने बांधून ठेवावी लागतात. कप्तान प्रत्येक घासाला नाक मुरडतो. बाबांचा खोकला कसा आहे? हा प्रश्न प्रत्येक पत्रात असे, शेवटच्या ओळीत.

उत्तर मात्र काकूंनी कधी धाडलं नव्हतं. उत्तर गेलं की ते पाठवलेल्या मेलांत दिसणार, काका बघणार, चिडून प्रोग्रॅम बंद करणार आणि होतं नव्हतं ते सगळं जाणार. नियमांच्या पानावर जाऊन ती खूण पुसावी असं मनात यायचं, पण भलतंच काही दाबलं गेलं तर? ह्या धास्तीपायी आपण लेकीला इतकी वर्षं गप्प राहून छळतो आहोत, हे त्यांना कळत होतं. कधीकधी काच पुसता पुसता त्यांचे डोळे भरून येत. मग त्या तीच काच पुन्हा पुसत.

आणि काल हे शेवटचं पत्र आलं. खारूने लिहिलं होतं, की जहाज शुक्रवारी आपल्या बंदराला लागतंय, थोडी सुट्टी मिळेल. येऊ का? नुसतं 'ये' म्हणालात तरी पुरे. काहीच आलं नाही तर समजून जाईन, आणि यापुढे लिहून त्रास देणार नाही.

काकूंनी चित्राभोवती लावायच्या माउंटचे उरलेले पुठ्ठ्याचे तुकडे पुढे ओढले आणि पेन्सिलीने पत्रं उतरवायला घेतली. अगदी पहिल्यापासून. पंखा किंचाळत होता. काकू कप्तानाच्या नाक मुरडण्यापर्यंत पोचल्या, तेवढ्यात काका काच कापायचा हिरा शोधत बाहेर आले. काकूंनी हातातला तुकडा चटकन पालथा घातला.

"तो माणूस काय म्हणाला?"

"बंद करावा लागेल म्हणाला."

"मग कर की."

"करते हो. थोडं राहिलंय."

काकांनी टेबलाकडे पाहिलं. पालथा घातलेला तुकडा एकच होता, बाकीचे उताणेच पडले होते. त्यांनी सगळ्यात वरचा उचलला, हात लांब धरून वाचला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"बंद कर," ते म्हणाले. "काही जात नाही."

काकूंना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"आणि ती खूण?"

"पुसली मी."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू भाजी आणायला गेलीस तेव्हा."

काकू ताडकन उठून उभ्या राहिल्या. त्यांना राग आला.

"आणि मी इतकी वर्षं ह्या डबड्याची राखण करत बसले! अंगात ताप असला तरी उठून बघत होते, चालू आहे ना म्हणून!"

"मला वाटलं, तुला चालू लागतो."

"मग तो नियम का नाही काढलात? तिची पत्रं कचऱ्यातच का पडू दिलीत?"

काकांनी हिरा हातात घेतला आणि त्याची मूठ उगाच पुसली.

"समोर आली असती, तर उत्तर द्यावं लागलं असतं."

ह्यावर भांडावं असं काकूंना फार वाटलं. पण भांडायला त्यांचं तरी तोंड कुठे होतं?

"अहो, ती विचारतेय..."

"शुक्रवारी लागतंय जहाज," काका म्हणाले आणि आत निघून गेले.

वार काकूंनी सांगितला नव्हता, पुठ्ठ्यावरही अजून उतरवला नव्हता.

त्या खुर्चीत बसल्या. आतून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. थोड्या वेळाने काका खांद्यावर पट्ट्यांची मोळी घेऊन आडोशाजवळ आले. डोक्यावर धूळ, आणि खोकून खोकून चेहरा लाल.

"ह्या कुठे ठेवू? खाट मोकळी करायला हवी."

"ठेवा तिथेच. मी बघते."

काकूंनी उत्तराची खिडकी उघडली आणि एका बोटाने 'ये' लिहिलं. पाठवायला माउस हलवला, पण थांबल्या. आतून पुन्हा खोकल्याची उबळ आली. त्यांनी खालच्या ओळीत लिहिलं, "बाबांचा खोकला अजून आहे तसाच आहे."