डोक्यावरची खिडकी

"जरा ताठ उभ्या ऱ्हावा, काकी," धुळा गवंडी म्हणाला आणि त्याने कोळशाचा तुकडा बनुबाईंच्या डोक्यामागे भिंतीला टेकवला.

बनुबाई ताठच होत्या, निदान कमरेच्या वर तरी. खाली नऊवारीच्या घोळात त्यांनी दोन्ही गुडघे वाकवले होते. साठी गाठलेल्या बाईला तसं उभं राहणं ही काय शिक्षा असते, ते तिचं तिलाच ठाऊक. मांड्या लटलट कापत होत्या. तोंडावर मात्र काही नाही.

"सावधान!" सोप्यातून हंबीरराव ओरडले. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातली माणसं त्यांच्या लेखी अजून कवायतीलाच उभी होती.

"सावधानच हाय मी. आटप की रं लवकर, धुळा!"

खरं तर उंची घ्यायची होती सुनेची. पण घरंदाज मराठ्याची सून परक्या गवंड्यापुढं भिंतीला पाठ लावून उभी राहते होय? बनुबाईच मग पुढे झाल्या होत्या. "माझी घ्या. शालू आन् मी सारख्याच." सारख्या कसल्या! शालू सासूपेक्षा चांगली चार बोटं उंच. पण सून समोर आली की खाकरून मान फिरवणाऱ्या सासऱ्याला ते कुठून कळणार?

आष्ट्याकडे जाणारा रस्ता दुष्काळी कामावर रुंद झाला आणि बरोबर दारासमोर एसटी थांबायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर रिकामटेकडी पोरं बिड्या फुंकत बसायची आणि मधल्या खोलीच्या खिडकीकडे बघायची. हंबीररावांनी चार दिवस ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी धुळाला बोलावलं. खिडकी खालून बुजवायची, सुनेच्या डोक्याच्या वर तेवढी ठेवायची. उजेड आत यावा, नजर येऊ नये. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात वावगं काही नव्हतं. घराची अब्रू त्यांनाच राखायची होती. मुलगा लालासाहेब पलटणीत, कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात. आणि तो घरी असता तरी बापापुढे 'जी'च्या पलीकडे त्याची जीभ कधी वळली होती?

पण त्या खिडकीत शालूचं सगळं माहेर होतं.

लग्नात मानाचा फेटा आधी कुणाला बांधायचा यावरून दोन्हीकडची माणसं हातघाईवर आली, आणि त्या दिवसापासून सोयरीक तुटली. सुनेने माहेरची पायरी चढायची नाही, तिकडच्या माणसाने इकडची चढायची नाही. शालूची आई रंगूबाई मात्र दर बाजाराला भाजीची पाटी घेऊन याच रस्त्याने आष्ट्याला जायची. समोरच्या लिंबाखाली थांबायची, डोक्यावरची चुंबळ नीट केल्यासारखं करायची आणि खिडकीकडे बघायची. आत गजाला धरून शालू. हाक नाही, खूण नाही. पोटभर बघायचं आणि वाटेला लागायचं.

बनुबाईंच्या ते पहिल्या महिन्यातच ध्यानात आलं होतं. तेव्हापासून बाजाराच्या सकाळी त्या सुनेला मधल्या खोलीतच काही ना काही काम सांगायच्या. यावर दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

आता खिडकी राहू द्या म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. आणि सांगितलं की लिंबाखालचं उभं राहणंही गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. बाईमाणसाच्या हातात उरलं काय, तर लुगड्याआड वाकवलेले दोन गुडघे.

काम झालं. हंबीररावांनी काठीने विटा ठोकून पाहिल्या आणि "फर्स्टक्लास" म्हणाले. धुळाला बरं वाटलं.

"काकींची उंची धरली, पर वर एक वीत जादा घेतली बरं का," तो म्हणाला. "वयानं माणूस खचतंय. सूनबाई तरणी, उंच असणारच की. उगं कामात खोट नको."

बनुबाईंचे वाकवलेले गुडघे फुकट गेले. त्या भल्या माणसाला काय बोलणार? त्यांनी त्याला चहा दिला.

संध्याकाळी शालू त्या भिंतीपाशी उभी राहिली. टाचा उचलल्या, गज धरले, लोंबकळली. दिसलं ते आभाळ आणि लिंबाचा शेंडा. पेटीवर चढावं, तर खोलीचं दार सोप्यात उघडलेलं आणि सोप्यात सासरे.

बाजाराचा दिवस उजाडला. बनुबाई दारापुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या. हंबीरराव सोप्यात दाढी करत होते. रंगूबाई आली, लिंबाखाली थांबली, आणि तिने चुंबळीला हात लावला तो तसाच राहिला. समोर कोऱ्या विटा. वर हातभर भोक. ती बघतच राहिली. एसटी आली, धुरळा उडवून गेली, तरी बाई हलेना.

आत भिंतीला गाल लावून शालू उभी आहे, हे बनुबाईंना न बघताही दिसत होतं. त्यांच्या जिवाची नुसती तगमग झाली. विहिणीला हाक मारायची सोय नाही. हात करायची सोय नाही. उघड्या दारात कुणावर तोंड सोडता येतं, तर ते सुनेवर.

"शालूऽ! अगं ए शालू! कवाधरनं हाका मारतीया, कानात बोळं घातल्यात व्हय?"

त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती. तरी आतून आवाज आला, खणखणीत, भिंतीच्या वरून पार रस्त्यापर्यंत.

"आले वं, आत्याबाई!"

"आले म्हंतीस आन् हायेस कुठं? जेवलीस का न्हाई?"

"जेवले! दोन भाकरी खाल्ल्या!"

"दोन-दोन भाकरी हाणतीस आन् कामाला हात चालंना? परवाचा ताप गेला न्हवं?"

"गेला! बरी हाय मी! लय बरी हाय!"

"काय लावलंय सकाळच्या पारी?" हंबीरराव वस्तरा हातात धरून ओरडले. "भाकरी काय मोजतीस तिच्या? लेकरावानी पोर ती. जरा सुखानं ऱ्हाऊ दे तिला!"

बनुबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. रंगूबाईने पदर तोंडात कोंबला होता. इतक्या दिवसांत प्रथमच ती विहिणीकडे सरळ बघत होती, आणि असं बघत होती, की बनुबाईंनी मान खाली घातली. पोरीच्या भाकरी मोजणारी सासू! दुसरं काय ऐकलं होतं तिने? पुन्हा वर पाहिलं तेव्हा ती भराभरा चालत, डोळे पुसत निघाली होती.

शालू उंबऱ्याशी आली. चेहरा फुलला होता. सासऱ्यांनी तोंड धुवायला पाठ फिरवल्याबरोबर ती सासूच्या कानाशी वाकली.

"आत्याबाई, आईनं ऐकलं का वं?"

बनुबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "समदं ऐकलं."