राहिलेला साप

केनवडच्या जगदेवला गावानं ‘पुरावा’ असं नाव ठेवलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. कुणी म्हणालं, अवसेला बैल जुंपू नये, की हा विचारणार, “पुरावा काय?” कुणाची म्हैस आटली आणि त्यानं नजरेचं नाव काढलं, की हा हजर, “पुरावा काय?” एकदा व्याही जेवायला बसले असताना म्हणाले, आमच्या विहिरीचं पाणी लय गोड. यानं तिथंही पुरावा मागितला आणि व्याही अर्ध्या ताटावरून उठले. साठी उलटल्यावर माणसाला छंद लागला की तो तरण्या पोरापेक्षा वाईट लागतो.

हा छंद लावला होता उदयसिंग सरांनी. सर अमरावतीकडचे निवृत्त प्राध्यापक. खांद्याला पिशवी अडकवून गावोगाव अंधश्रद्धेवर व्याख्यानं द्यायचे, बुवा लोकांचे चमत्कार स्वतः करून दाखवायचे आणि मग त्यांची पोल खोलायचे. वाशिमच्या विवेक संमेलनात जगदेवनं त्यांना पहिल्यांदा ऐकलं. “कुणी सांगितलं म्हणून मानू नका, प्रश्न विचारा” हे त्यांचं वाक्य त्यानं गाठीला बांधलं आणि घरी आणलं.

घरी मनकर्णाबाई होती. तिचा शनिवारी मारुतीला तेलाचा नेम, दाराला लिंबू-मिरची, उंबऱ्यावर हळदीकुंकू. नवराबायकोत पहिल्यापासून छत्तीसचा आकडा होताच, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. तिनं लिंबू बांधावं, यानं सरबत करून प्यावं.

“प्रश्न इचारत जाय, मनकर्णा,” तो तिला उठता-बसता सांगायचा. “जलम गेला तुहा, एक प्रश्न नाई इचारला.”

“मी इचारीन त्या रोजी तुमालेच जड जाईन,” असं म्हणून ती चुलीकडे वळायची.

या दोघांच्या मधे नात होती, वैष्णवी. तिचे आईबाप, हरीओम आणि निकिता, दोघंही चाकणला कंपनीत कामाला, म्हणून पोर आजीआबांकडे केनवडच्या शाळेत शिकत होती. मोठी इरसाल. आजीच्या हातून कपाळाला अंगारा लावून घ्यायची आणि तशीच आबाकडे येऊन डोळे बारीक करून विचारायची, “आबा, अंगाऱ्याचा पुरावा काय?” मग दोघंही तिच्यावर ओरडायचे आणि दोघंही हसायचे. त्या घरात एकमत व्हायचं ते एवढंच.

पुढच्या वर्षी जगदेवनं सरांना गावातच आणलं. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला, माइक लावला, दोन दिवस आधीपासून दवंडीसारखा स्वतःच फिरला. सरांनी नारळावर पाणी टाकून तो पेटवला, जळता कापूर जिभेवर ठेवला, आणि बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मदतीला एखादं लेकरू पाहिजे म्हणताच वैष्णवी सगळ्यांच्या आधी मंचावर पोचली होती.

मग सापांचा विषय निघाला. सरांच्या पिशवीत विषारी सापांची चार मोठी चित्रं होती, गुंडाळून रबर लावलेली. एकेक उलगडायचं, वैष्णवीनं दोन्ही हात वर करून धरायचं आणि सरांनी बोलायचं. नाग झाला, घोणस झाली, फुरसं झालं. साप चावला की सूज कशी चढते, आग कशी होते, रक्त कसं थांबत नाही, सगळं सरांनी फोड करून सांगितलं. मांत्रिकाचा मंत्र का लागू पडतो, तर बहुतेक साप बिनविषारीच असतात म्हणून, असं म्हणाल्यावर लोक हसले. “अर्धी माणसं विषानं नाही, भीतीनं मरतात,” म्हणाल्यावर टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या जगदेवच्या होत्या.

पण जगदेवचा जीव टांगणीला लागला होता. लाइट जायची वेळ होत आली होती आणि सत्कार राहिले होते. आपल्याकडे व्याख्यान राहिलं तर चालतं, सत्कार राहिला तर वर्षभर माणूस तोंड फिरवून जातो. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, मांडववाला, माइकवाला, सगळ्यांच्या शाली रिसोडहून आणून ठेवलेल्या. आणि यादीच्या शेवटी एक नाव त्यानं स्वतःच घालून ठेवलं होतं, संयोजक म्हणून. गावानं आजवर त्याला चिडवलं होतं, त्याच गावासमोर खांद्यावर शाल पडावी एवढीच त्याची इच्छा. ती काही फार मोठी नव्हती.

तो मंचावर चढला आणि सरांच्या कानाला लागला, “सर, आटोपतं घ्या. सत्कार राह्यले.”

सर म्हणाले, “एकच राहिलं आहे, तेच जरा...” पण तोवर माजी सरपंच खाकरले होते. सरांनी हसून हात जोडले. वैष्णवीच्या बगलेत चौथं चित्र रबरासकट तसंच राहिलं.

शाल पडली. फोटो निघाला. मांडवातून घरी येताना वैष्णवी आबाचं बोट धरून म्हणाली, “आबा, एक साप राह्यला न!”

“पुढच्या साली पाहू,” जगदेव म्हणाला. शाल त्यानं खांद्यावरून काढली नव्हती.

सोयाबीन घरात आलं तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला वैष्णवी ओसरीतली रिकामी पोती उचलत होती. “मुंगी चावल्यावानी झालं,” म्हणत ती आत आली, आणि मग म्हणाली की पोत्याखालून काळं काहीतरी सळसळत गेलं.

मनकर्णाबाईच्या हातातली परात पडली. पण जगदेव घाबरला नाही. त्यानं मोबाइलचा उजेड पाडून पोरीचं पाऊल नीट पाहिलं. टाचेजवळ टाचणी टोचल्यासारखे दोन बारीक ठिपके होते, तेही शोधावे लागले. सूज नाही. रक्त नाही. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाली. सरांची तिन्ही चित्रं त्यानं मनात उलगडून पाहिली, एकही जुळत नव्हतं. “बिनविषारी हाय,” तो म्हणाला. “धामनीचं पिल्लू असन. भेवाडू नको पोरीले, लोकं भेवानंच मरतात.”

मनकर्णाबाईनं त्याचं ऐकलं नाही. ती अंगणातल्या निंबाचा पाला ओरबाडून घेऊन आली. तिच्या माहेरी, सासरी, साऱ्या मुलखात हीच परीक्षा होती. साप लागलेल्याला निंबाचा पाला चावायला द्यायचा. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर काही नाही. वैष्णवीनं एक पान तोंडात घातलं आणि थू थू करत आजीच्या लुगड्यावरच थुंकली. “लय कडू हाय वो, आजी!”

मनकर्णाबाईचे डोळे भरून आले. तिनं मारुतीला हात जोडले आणि मग चाळीस वर्षांच्या संसारात कधी नव्हे ती नवऱ्याला म्हणाली, “तुमी म्हनता ते खरं हाय. काई नाई झालं.”

त्या संध्याकाळी त्या घरात श्रद्धेचं आणि शास्त्राचं एकमत झालं. दोघांच्याही परीक्षेत पोर पास झाली. आजीनं दृष्ट काढली, आबानं या वेळी पुरावा मागितला नाही, आणि तिघं एका ताटात जेवली. जगदेवला पुढं वाटायचं की भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती मारुतीच्या पारावर पोरीला घेऊन धावली असती, पारावर चार माणसं असतात, त्यांतल्या एखाद्यानं तरी गावातल्या अल्ताफची रिक्षा बोलावली असती.

पहाटे पोरीच्या पोटात कळ आली. जेवणाचं काही बाधलं असेल म्हणून ओवा दिला. उजाडता तिच्या पापण्या मिटायला लागल्या, उघड म्हटलं तरी उघडेनात. मग तिला थुंकी गिळता येईना. “आबा, दोन दोन दिसून राह्यले तुमी,” हे तिचं शेवटचं धड वाक्य.

अल्ताफनं रिक्षा जीव तोडून हाणली. रिसोड दिसायच्या आधीच मनकर्णाबाईच्या मांडीवर तिचा श्वास थांबला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाऊल पाहिलं आणि म्हणाला, “मण्यार. हिनं सूज येत नसते. संध्याकाळीच आणायची होती.”

हरीओम आणि निकिता आले. परत जाताना निकितानं पोरीचं दप्तर तेवढं छातीशी धरून नेलं. गावानं ‘पुरावा’ हे नाव आपण होऊन टाकून दिलं, आणि ते जगदेवला शिवीपेक्षा जास्त लागलं. मनकर्णाबाईनं अंगणातला निंब तोडायला लावला. आपल्या पाल्यानं पोर मारली, असं तिला वाटायचं. जगदेव तिला समजवायचा की चूक माझी, मी सूज पाहत बसलो. एवढं तो कबूल करायचा. पण त्या गुंडाळलेल्या चित्राबद्दल त्यानं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. त्यात काय होतं हे त्याला कुठं ठाऊक होतं? सरांचा फोन नंबर असेल, आभार असतील. असं स्वतःला समजावत तो रात्र काढायचा.

वर्ष फिरलं. सरांचा फोन आला, संमेलनाला या म्हणून. त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि जगदेवच्यानं सांगवेना. “नाई जमत” म्हणून तो फोन ठेवणार, तर मनकर्णाबाई मागे उभी होती.

“मले यायचं हाय,” ती म्हणाली.

“तू कायले?”

“ते साप धरून उभी होती माही पोरगी. मले ते पाह्यचे हायत.”

वाशिमच्या सभागृहात दोघं मधल्या रांगेत बसली. सर तेच, पिशवी तीच. नारळ पेटला, कापूर जळला, टाळ्या झाल्या. मग एका कॉलेजच्या पोरीनं हात वर करून नाग धरला, घोणस धरली, फुरसं धरलं. सरांनी चौथ्या चित्राला हात घातला तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक माणूस लगबगीनं मंचावर चढला आणि सरांच्या कानाला लागला. टेबलावर शालींचा ढीग होता. सरांनी घड्याळ पाहिलं आणि हसून हात जोडले.

“थांबा!”

मनकर्णाबाई उभी राहिली होती. जन्मात कधी चार माणसांत न बोललेली बाई. “तो राह्यलेला साप दाखवा.”

सभागृहात खसखस पिकली. बिल्लेवाला म्हणाला, “आजी, पुढच्या वर्षी नक्की...”

“पुढच्या साली नाई. आता.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, हसणं बंद झालं. सरांनी रबर काढलं आणि चित्र उलगडलं. काळाभोर साप, अंगावर पांढरे बारीक पट्टे. “ही मण्यार,” सर म्हणाले. “आपल्याकडची सर्वांत विषारी. चावली तर दुखत नाही, सूज येत नाही, कधी कळतही नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. कोणता साप ते शोधत बसू नका. सूज पाहू नका. चावला की सरळ दवाखाना.”

“आन् निंबाचा पाला कडू लागला तर?”

“तो कडूच लागतो, आजी. विष चढलं तरी कडूच लागतो.”

“मंग हे पयले काहून नाई सांगत, बावा?” ती म्हणाली. “नारळ त्याच्या मांगून पेटवा ना.”

मघाशी पेटवलेल्या नारळाची राख अजून टेबलावर होती, ती बाजूला सारून सरांनी मण्यारीचं चित्र तिथं ठेवलं. मागच्या बाजूनं कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या सभागृहानं त्या उचलल्या.

मनकर्णाबाई खाली बसली. पदर सारखा केला. जगदेव पायांकडे बघत होता. तिनं त्याच्याकडे तोंड वळवलं, आणि आवाज न चढवता विचारलं, “त्या रोजी मांडवात तुमी सरच्या कानात काय सांगतलं होतं?”

तिनं ते बायांच्या बाजूला बसून तेव्हाच पाहिलं होतं, इतके दिवस फक्त विचारलं नव्हतं.

“सत्कार राह्यले म्हनलं,” जगदेव म्हणाला.

“कोनाचे?”

त्याला सरपंचाचं नाव घेता आलं असतं, सोसायटीच्या अध्यक्षांचंही. सगळी खरीच होती.

“माहा,” तो म्हणाला.

तिनं खुर्चीखालची पिशवी उचलली आणि दोन रांगांमधून वाट काढत एकटीच दाराकडे निघाली. तिला हाक मारायची त्याची छाती झाली नाही. मंचावर नावं पुकारायला सुरुवात झाली होती.