हळू उतरणारी काच

मी जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि आता थकले आहे. दोनच सीटांची, जमिनीला चिकटून पळणारी लाल स्पोर्ट्स कार. लाल म्हणायचं ते जुन्या ओळखीवर. अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने माझा रंग केव्हाच विटवला आहे.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जहाजातून मी अमेरिकेत आले. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. तो मला फक्त रविवारी बाहेर काढत असे आणि घरी आणून पुसून ठेवत असे. मग त्याचे गुडघे दुखू लागले आणि माझ्यात खाली वाकून बसणं त्याला जमेना. तेव्हा मला परीक्षितने घेतलं.

परीक्षित मूळचा नागपूरचा. चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. त्याने मला दारात आणून उभं केलं, तेव्हा त्याची बायको सुहासिनी बाहेर आली आणि माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "दोनच सीट? उद्या मूल झालं की त्याला काय डिकीत बसवायचं?"

"तोवर आपण दोघं फिरून घेऊ ना," तो म्हणाला.

आणि खरंच ते फिरले. सेडोनाचे तांबडे कडे, फ्लॅगस्टाफचा बर्फ, सगळीकडे मी त्यांना नेलं. पुढे रीमा झाली, घरात मोठी गाडी आली आणि मी कामावर जाण्यापुरती उरले. तरी माझा मान होता. दिवाळीच्या कार्यक्रमाला शाळेच्या पार्किंगमध्ये मी उभी राहिले, की मुलं जमत. "काका, कॅन आय सिट इन इट?" परीक्षित कुणालाही नाही म्हणत नसे. चिवड्याचे तेलकट हात माझ्या स्टिअरिंगला लागत आणि मला ते आवडत असे. रीमा मोठी झाली, तेव्हा क्लच सोडायला माझ्यावरच शिकली. ती मला पुन्हा पुन्हा बंद पाडायची आणि तो शांतपणे म्हणायचा, "परत."

पण इथलं ऊन नागपूरकरालाही हात टेकायला लावतं. काच ज्या रबरी खाचांतून सरकते, त्या खाचा वाळून कडक झाल्या. दाराच्या आतलं ग्रीस डिंकासारखं चिकट झालं. माझ्या काचा हळू चालू लागल्या. कॉफी घ्यायला दुकानाच्या खिडकीपाशी थांबलो, की काच अर्ध्यात अडे. मग परीक्षित दार उघडून वाकून कप घेई आणि मागचे लोक हॉर्न वाजवत. मेकॅनिकने सांगितलं, मोटर बदलून टाका. परीक्षित म्हणाला, "एखाद्या वीकेंडला मीच उघडून बघतो."

तो वीकेंड आलाच नाही. एका सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळताना त्याच्या हातून पातेलं पडलं. गॅरेजचं आतलं दार उघडं होतं, म्हणून मला आवाज ऐकू आला. आधी पातेल्याचा आणि मग सुहासिनीच्या हाकांचा. त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता.

हॉस्पिटलमधून तो परतला, तेव्हा उजवा हात नीट चालत नव्हता आणि बोलणं अडखळत होतं. त्याला सगळं समजत होतं. शब्दही मनात असत, फक्त तोंडापर्यंत यायला त्यांना वेळ लागे. तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. "पाणी हवंय का? पंखा? झोपायचंय?" सुहासिनी मायेनेच विचारायची, पण तिच्या प्रश्नांच्या घाईत त्याचा शब्द मागे पडायचा. हळूहळू त्याने बोलणंच कमी केलं.

माझी बॅटरी उतरली. टपावर धूळ साचली. माझ्या सीटवर कागदी टॉवेलचे गठ्ठे येऊन बसले. परीक्षित कधीतरी काठी टेकत गॅरेजमध्ये येई, माझ्या दारावर डावा हात ठेवून उभा राही आणि परत जाई.

"गाडी समोर दिसते आणि त्यांना त्रास होतो," सुहासिनीने फोनवर रीमाला सांगितलं. "विकून टाकू या. तू ये, पेपरवर्क तू कर."

रीमा सिएटलला आर्किटेक्ट आहे. ती आली, तिने नवी बॅटरी आणली, मला धुतलं. टेंपीला राहणारा प्रथमेश नावाचा एक तरुण दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता. तेवढ्यात परीक्षित गॅरेजच्या दारात आला.

"काच," तो म्हणाला. "आधी... काच."

"बाबा, लीव्ह इट. घेणारा बघून घेईल."

त्याने मान हलवली. "खोट... ठेवून... नाही."

मग खुर्ची आणून तिने त्याला माझ्या उजव्या दारापाशी बसवलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

सुरुवात वाईट झाली. तो म्हणाला, "वरचा...", आणि ती म्हणाली, "वरचा स्क्रू, आय नो." तो वरच्या खिट्टीबद्दल सांगत होता. तिने दाराचं आवरण ओढलं आणि खिट्टी कटकन तुटली. मला दुखलं, पण मी दुसरीकडेच बघत होते. परीक्षितने डोळे मिटून घेतले होते.

"सॉरी, बाबा. तुम्ही सांगत होता आणि मी..." ती जमिनीवर मांडी घालून बसली. "सांगा. मी थांबते."

आणि ती थांबली. त्याचे ओठ हलत, शब्द येत नसे, तिच्या ओठांवर एखादा अंदाज येई आणि ती तो गिळून टाकी. शेवटी त्याचा शब्द येई.

"मोटर... चांगली आहे. वाट... आखडलीय."

तिने माझ्या दाराच्या पोटातलं जुनं काळं ग्रीस खरवडून काढलं. रबरी खाचा ओल्या फडक्याने पुसल्या आणि त्यांच्यात सिलिकॉनचा फवारा मारला. काच वरखाली नेणाऱ्या लोखंडी पट्टीला नवं ग्रीस लावलं. काच दाबून धरणारा एक बोल्ट त्याने बोटाने दाखवला.

"सैल... पण... जास्त नाही."

मग डाव्या दाराचंही तसंच केलं. सुहासिनी चहा घेऊन आली, तेव्हा बापलेक दोघंही ग्रीसने माखले होते. "अरे देवा, तुमचा शर्ट," ती म्हणाली. परीक्षित काहीतरी सांगू लागला. ती पुढे बोलणार, तोच रीमाने तिच्या हाताला हात लावला. सुहासिनी थांबली. तिला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ थांबावं लागलं.

"साखर... कमी आहे," परीक्षित म्हणाला.

सुहासिनी हसली आणि मग पदर नव्हता म्हणून कुर्त्याच्या बाहीने तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी प्रथमेश आला. पुण्याचा, नुकताच नोकरीला लागलेला. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. परीक्षितला शेजारी बसायचं होतं. रीमाने त्याला हळूच आत बसवलं आणि दार लावून ती बाहेर उभी राहिली. रीमाला शिकवल्यानंतर तो कधी त्या बाजूला बसला नव्हता.

"काका, विंडोजचा काही इश्यू आहे असं ऐकलं," प्रथमेश म्हणाला.

"आहे," परीक्षित म्हणाला. "दाखवतो."

त्याने उजवा हात उचलला. बोट बटणापर्यंत गेलं आणि घसरलं. पुन्हा गेलं, पुन्हा घसरलं. दोन्ही काचांची बटणं ड्रायव्हरच्या दारावरही असतात. प्रथमेशचा हात मदतीला तिकडे वळला. काचेपलीकडून रीमाने मानेनेच नको म्हटलं. त्याने हात मांडीवर घेतला.

बटण माझंच, पण ते दाबून घेणं माझ्या हातात नव्हतं. मी नुसती वाट पाहत राहिले. मग त्या बोटाचं वजन बटणावर पडलं आणि मी होती नव्हती ती ताकद लावली. काच उतरू लागली. नव्या गाडीसारखी नव्हे. सावकाश, पण कुठेही न अडता. ती पूर्ण खाली गेली, तेव्हा बापलेकीचे चेहरे समोरासमोर होते.

"बाबा," एवढंच ती म्हणाली.

"थांब," परीक्षित म्हणाला. "आता... वर... नेऊन दाखवतो."

प्रथमेशने मला घेतलं. निघताना परीक्षित फाटकाशी आला नाही. खिडकीत बसून राहिला. मलाही ते बरं वाटलं.

आता मी टेंपीला एका पत्र्याच्या सावलीत उभी असते. गुडघेदुखी काय असते, हे मला आता कळतं. परवा डावी काच पुन्हा जड झाली, तेव्हा प्रथमेशने माझ्यात बसूनच फोन लावला.

"काका, ग्रीस कोणतं लावलं होतं?"

पलीकडून उत्तर आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. फोन ठेवून त्याला दुकानात विचारता आलं असतं. त्याने इंजिन बंद केलं आणि सीटला टेकून बसला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाला एक बटण दाबायला, एक शब्द काढायला वेळ लागत असेल. त्यांच्या आधी हात पुढे करू नका. बसा जरा.

"पांढरं," फोनमधून परीक्षितचा आवाज आला. "आणि... थोडंच."